घर बांधणाराची परीक्षा

बांधलेलें घर पक्कें कीं कच्चें, याची खरी कसोटी पाऊस, वारा आणि भूकंप हेच घेतात. परंतु तिचा निकाल लागण्याच्या आधींच घरांत माणसें राहावयास आलेलीं असतात. म्हणून बांधणाराला जबाबदार कसें धरावें, हा प्रश्न फार जुना आहे.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी यानें सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीं जे कायदे पाषाणावर कोरविले, त्यांत याचें उत्तर रोखठोक आहे. घर कोसळून मालक मेला, तर बांधणाराला देहांत शासन; चीजवस्तूंची हानि झाली, तर त्यानें ती भरून द्यावी व घर स्वखर्चानें पुन्हां बांधावें. न्याय कठोर खरा, परंतु उशिराचा. मेलेला मालक त्यानें परत येत नाहीं.

अनर्थ घडण्यापूर्वींच बांधणाराची योग्यता पाहावी, या विचाराची वाढ कशी झाली, हें पाहण्यास अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानाचा इतिहास बोधप्रद आहे. तेथें १९२९ सालीं कंत्राटदारांना परवाने देणारी सरकारी कचेरी निघाली. तथापि, परवाना मागणाऱ्याला आपलें काम येतें कीं नाहीं, हें परीक्षेनें ठरविण्याची सक्ती तेव्हां नव्हती.

अशा स्थितींत १० मार्च १९३३ रोजीं, सायंकाळीं सहाच्या सुमारास, लाँग बीच शहराला भूकंपाचा धक्का बसला. सुमारें १२० माणसें दगावलीं. त्याहून भयंकर गोष्ट दुसऱ्या दिवशीं लोकांच्या ध्यानांत आली. त्या भागांतील सुमारें २३० शाळागृहें एक तर कोसळलीं होतीं, नाहीं तर वापरण्यास धोक्याचीं ठरलीं होतीं. शाळा केव्हांच सुटली होती, म्हणूनच मुलें वांचलीं. तीन-चार तास आधीं धक्का बसता, तर काय झालें असतें, ही कल्पनाही करवत नाहीं. अवघ्या एका महिन्यांत तेथील कायदेमंडळानें ‘फील्ड कायदा’ संमत केला, आणि शाळागृहांचे नकाशे सरकारनें तपासावे व बांधकाम चालू असतां त्यावर देखरेख ठेवावी, असें ठरलें.

कंत्राटदारांचा कायदाही पुढें सरकत होता. १९३५ सालीं परवान्यांचा कारभार सात सभासदांच्या मंडळाकडे गेला. १९३८ सालीं उमेदवारानें आपल्या धंद्याची परीक्षा देणें सक्तीचें झालें. आणि १९४७ पर्यंत अनुभवाची अट ठरविण्याचा अधिकारही मंडळास मिळाला.

आज तेथील उमेदवाराला मागील दहा वर्षांत किमान चार वर्षें त्या कामांत कुशल कारागीर, मुकादम अथवा कंत्राटदार म्हणून घालवावीं लागतात, आणि तें काम प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाची साक्ष लागते. सामान्यतः प्रश्नपत्रिका दोन. एक त्याच्या धंद्याची, मग तो विजेचा असो, नळकामाचा असो वा छपराचा. दुसरी कायदा व व्यवहार यांची. करारपत्र कसें असावें, मजुरांचा विमा कसा उतरवावा, हिशेब कसा ठेवावा, कामावर अपघात कसे टाळावे, हे दुसरीचे विषय. कोणत्या विषयांवर प्रश्न येतील, याची मार्गदर्शिका मंडळच प्रसिद्ध करतें; मात्र उत्तरें पर्यायांतून निवडावयाचीं असल्यामुळें तयारी करून देणारे खाजगी वर्गही तेथें आहेत.

ज्याचा हात थापीवर बसलेला आहे, त्याला संध्याकाळीं थकून घरीं आल्यावर कायद्याचें पुस्तक उघडणें जड जाणारच. उलट, ज्याची केवळ पाठांतरावर भिस्त आहे, तो उत्तरें बरोबर लिहील, पण त्याची भिंत ओळंब्यांत उतरेल, याचा भरंवसा नाहीं. म्हणूनच परीक्षा एकटी पुरत नाहीं, आणि अनुभवही एकटा पुरत नाहीं. कॅलिफोर्नियानें दोहोंची सांगड घातली, यांतच त्या कायद्याचें शहाणपण आहे. हम्मुराबीचा कायदा ढिगाऱ्यापाशीं येऊन उभा राहत असे. हा कायदा पायाचा पहिला दगड बसण्यापूर्वीं बांधणाराच्या दारीं जातो.