पाणी उकळलं तर बिघडलं कुठे?

खंडाळ्याच्या घाटात बॉनेट वर करून वाफा सोडत उभ्या असलेल्या फियाट आणि अँबॅसॅडर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना 'इंजिन तापलं' या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको. आज असं काही झालं तर आपण गाडी बाजूला घेतो, फोन लावतो आणि गाडीला शिव्या घालतो. पण मोटारगाडीच्या जन्माच्या वेळी पाणी उकळणं हा बिघाड नव्हताच. उलट त्या उकळण्यावरच गाडी चालत होती.

कार्ल बेंझने १८८६ साली ज्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं, तिच्यात आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवती पाणी असे, ते उकळे आणि त्याची वाफ होऊन जाई. ऐकायला रानटी वाटतं, पण हिशोब पक्का आहे. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते, आणि त्याच उकळत्या लिटरची पूर्ण वाफ करायला सुमारे २,२५० किलोज्यूल! म्हणजे उकळणारं पाणी इंजिनाची जवळजवळ सातपट उष्णता घेऊन जातं. अट एकच. गेलेलं पाणी कुणीतरी भरत राहिलं पाहिजे. १८८८ साली बेंझची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, म्हणजे शंभरएक किलोमीटर, अशाच गाडीतून गेली. तेव्हा तिने वाटेत मिळेल तिथून पाणी भरत हेच केलं.

पुढे १९०० ते १९०१च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. नळ्यांमधून वारा वाहायचा आणि भोवतीचं पाणी निवायचं. आता पाणी उडून जायची गरज उरली नाही, तेच ते पाणी फिरवता येऊ लागलं. प्रश्न एवढाच उरला की ते फिरवायचं कोणी?

इथे आमच्या मिशिगनचा संबंध येतो. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली डेट्रॉइटमध्ये बाहेर पडली. पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांमध्ये पाण्याचा पंप होता. नंतर फोर्डने तो सरळ काढूनच टाकला! इंजिनात तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरच्या माथ्यावर जातं, तिथे निवून जड होतं आणि खाली उतरून परत इंजिनात येतं. याला थर्मोसायफन म्हणतात. पंप नाही म्हणजे त्याची सील नाही, ती गळणं नाही आणि तिचा खर्चही नाही. ८५० डॉलरला निघालेल्या गाडीचं सर्वांत स्वस्त मॉडेल १९२५ साली २६० डॉलरला मिळत होतं. ही किंमत अशाच काटछाटींतून आणि मोठ्या उत्पादनातून खाली आली.

पण हे पाणी ढकलणारा जोर किती नाजूक असतो बघा. ९५ अंशांच्या एका लिटर पाण्याचं वजन ७५ अंशांच्या पाण्यापेक्षा जेमतेम १३ ग्रॅमने कमी असतं. या १३ ग्रॅमच्या जिवावर २० अश्वशक्तीचं इंजिन थंड ठेवायचं! रेडिएटरमधलं पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेलं की चक्र तुटलं. त्यात सगळी व्यवस्था उघडी, दाब धरणारं झाकण नाही. त्यामुळे पाणी १०० अंशांना उकळणार, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर नेली तर ९५-९६ लाच. कारखान्यातून येताना तापमान दाखवणारा काटाही नसे. त्या काळी अनेकजण रेडिएटरच्या झाकणात बसवायचं बॉइस मोटोमीटर नावाचं थर्मामीटर विकत घेत. त्यातली लाल रेघ चढताना सीटवरून दिसे.

म्हणजे फोर्डने पंप काढला खरा, पण पंपाचं काम नाहीसं झालं नाही. त्यातला बराचसा भाग चालवणाऱ्याकडे गेला.

हे मला नीट समजलं ते आमच्या शेजारच्या आजोबांच्या गाडीमुळे. वय ऐंशीच्या पुढे, गाडी त्यांच्या वडिलांची, १९२४ची मॉडेल टी. गेली काही वर्षं ती चार-पाच मैलांत उकळायची. आजोबांनी मनाशी ठरवलं होतं, की यंदा जमलं नाही तर टाक्या रिकाम्या करून गाडी गॅरेजमध्ये कायमची उभी करायची. त्यांची नात मात्र ती चालवायला शिकत होती. मी इंजिनियर म्हणून 'जरा बघ' असं सांगणं आलं.

बॉनेट उघडलं तर आत पाण्याचा पंप! पूर्वी कुठल्याशा वर्कशॉपने तापण्यावर इलाज म्हणून बसवलेला. असे पंप मॉडेल टीच्या काळापासून बाजारात मिळतात. 'पंपामुळे पाणी इतकं जोरात फिरतं की निवायला वेळच मिळत नाही', असं बरेच लोक सांगतात. ते खरं नाही. पाणी जोरात फिरलं म्हणून उष्णता कमी जात नाही. खरी भानगड वेगळी होती. आम्ही रेडिएटर उतरवला आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. जेवढं ओतावं तेवढं लगेच खाली यायला हवं, पण ते तुंबून वरूनच सांडायला लागलं. नळ्यांमध्ये क्षार आणि गंज. पंप बिचारा पाणी वर ढकलत होता, नळ्या ते खाली जाऊ देत नव्हत्या आणि जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर. थोडक्यात, पंपाने रोग बरा केला नव्हता, झाकून ठेवला होता.

सायट्रिक ॲसिडने नळ्या साफ केल्या. पाणी वाहू लागलं, पण गाडी तरीही तापायचीच. मग लक्षात आलं की नळ्यांवरच्या पातळ पत्र्या जागोजागी सैल झाल्यात, त्यांचा डाग सुटलाय. पत्री नळीला चिकटलेली नसेल तर पाण्यातली उष्णता वाऱ्यापर्यंत पोचणार कशी? शेवटी वरची-खालची टाकी आणि बाहेरचा काळा पत्रा जुनाच ठेवून आतला गाभा नवा बसवून घेतला. पंप काढला. आजोबांनी चालवली, पंधरा मैल, पाणी शांत.

दुसऱ्या दिवशी नातीने चालवली आणि सहा मैलांत वाफा!

गाडी तीच, रस्ता तोच, हवाही साधारण तीच. मग मी तिच्या शेजारी बसलो आणि स्टिअरिंगखाली डावीकडे असलेल्या दांडीकडे पाहिलं. ठिणगी कधी पडावी हे मॉडेल टीमध्ये या दांडीने हाताने ठरवावं लागतं. हँडल मारून गाडी सुरू करताना दांडी वर, म्हणजे ठिणगी उशिरा. नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. गाडी सुरू झाली की दांडी खाली. ती वरच राहिली तर पेट्रोल उशिरा जळतं, त्यातलं कमी काम चाकांपर्यंत जातं आणि जास्त उष्णता एक्झॉस्टमध्ये आणि पाण्यात. नातीने दांडी वरच ठेवली होती, कारण आजोबांनी तिला सांगितलंच नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे हो! त्यांचा डावा हात गेली साठ वर्षं आपोआप ती दांडी खाली ओढतो, चढावर इंजिनाचा आवाज ऐकून किंचित वर करतो. आपण असं काही करतो, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मॉडेल टी १९२७ साली बंद होईपर्यंत दीड कोटीवर गाड्या निघाल्या. म्हणजे किती डाव्या हातांना हे येत असेल! त्यानंतर आलेल्या मॉडेल ए मध्ये फोर्डने पंप परत आणला. पुढे थर्मोस्टॅट, दाबाचं झाकण, आपोआप बदलणारं टायमिंग, असं एकेक काम चालवणाऱ्याच्या हातातून यंत्रात गेलं. हे चांगलंच झालं, मला माझ्या गाडीत रोज दांडी ओढत ऑफिसला जायची हौस नाही. पण म्हणूनच उकळणारं पाणी हा आज 'गाडीचा बिघाड' वाटतो. बेर्टा बेंझला ती रस्त्यातली एक कामाची गोष्ट वाटली असेल, पेट्रोल भरण्यासारखी.

जुनी गाडी जपायची म्हणजे लोक लोखंड जपतात. पत्रा, रंग, आसनं, सगळं मूळचं हवं. रेडिएटरचा गाभा नवा टाकला म्हणून आमच्याकडे एकाने नाकही मुरडलं. माझं मत उलट आहे. गाभा पुन्हा बनवून मिळतो. दांडी किती ओढायची हे मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही, ते हातातून हातातच जावं लागतं.

सध्या आजोबा शेजारच्या सीटवर बसतात आणि नात चालवते. आपण काय करतो ते शब्दांत सांगताना त्यांची भारी तारांबळ उडते. 'आता... आता थोडी खाली... आवाज ऐक, आवाज!' एवढंच काय ते सांगता येतं. पण तिला ऐकू यायला लागलंय म्हणे.