तुमच्या जिल्ह्यातल्या सिस्टर आणि जगाला मिळालेला धडा

उमरग्याच्या वाचकांनो, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचा एक जगप्रसिद्ध अभ्यास तुमच्याच जिल्ह्यात झाला, हे तुम्हाला माहीत आहे का?

1999 साली बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तो सुरू केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया, गावांचे 52 गट. काही गटांत एचपीव्ही तपासणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत ॲसेटिक ॲसिड लावून तपासणी. उरलेल्यांत नेहमीचीच आरोग्यसेवा.

नमुने घेतले ते प्रशिक्षण दिलेल्या एएनएम सिस्टरनी. काही त्रास नसताना आतून तपासून घ्यायला बाई सहज तयार होत नाही. तिथे सिस्टरवरचा विश्वासच कामी येतो.

2009 मध्ये निकाल आला. एचपीव्ही गटात या कॅन्सरने 34 मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात 64. त्या स्त्रियांना तपासणी का दिली नाही, हा प्रश्नही पुढे विचारला गेला, आणि तो रास्त आहे. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीलाच पसंती देते.

आणखी एक गोष्ट. एका नर्सवर जितके जास्त रुग्ण, तितकी ती खचते आणि रुग्णांचे मृत्यूही वाढतात, असे 2002 च्या अमेरिकन अभ्यासात दिसले. म्हणून तिशीनंतर तपासणी करून घ्या, आणि सिस्टरच्या विश्रांतीकडे आपल्या उपचाराचाच भाग म्हणून पाहा.