चालायला शिकविणारे हात

महाराष्ट्रातील आधुनिक वैद्यकाचा इतिहास आपण वाचतो तो बव्हंशी शस्त्रक्रियांचा आणि इस्पितळांच्या कोनशिलांचा. रुग्ण घरी परतल्यावर त्याला पलंगाच्या कडेवर बसविणे, काखेत हात घालून उभे करणे, भिंतीपासून दारापर्यंतच्या दहा पावलांसाठी महिनाभर खपणे, हे सारे त्या इतिहासाच्या बाहेर राहिले. हे काम आई, बायको, सून अथवा धाकटा भाऊ करीत असे आणि केसपेपरावर त्यासाठी रकाना नव्हता.

मालवण किनाऱ्यावर ही उणीव विशेष जाणवते. गिरणगावातील चाकरमान्यांमुळे परळच्या के.ई.एम. रुग्णालयाशी (स्थापना १९२६) येथील घरांचा परिचय जुना. प्रवास आधी बोटीचा, मग एस.टी.चा; कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ मध्ये. अलीकडे मोठा अपघात किंवा पक्षाघात झाला की गाडी सहसा दक्षिणेला, गोव्यातील बांबोळीकडे वळते. मात्र रुग्ण मुंबईहून येवो की बांबोळीहून, शेवटचा टप्पा तोच असतो: पाणंद, चिऱ्याच्या पायऱ्या, खळे, पडवी आणि उंबरा. इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीवर शिकलेली चाल येथे पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. पुळणीत तर कुबडीही रुतते.

हे घरचे काम संस्थेच्या रूपाने उभे राहिले त्याचे एक उदाहरण मुंबईचे आहे, आणि ते एका आईचे आहे. फातेमा इस्माईल (१९०३-१९८७) या गिरणीमालक व राष्ट्रीय चळवळीतील कार्यकर्ते उमर सोबानी यांच्या भगिनी. त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे उपचारांसाठी त्यांनी थेट मद्रास गाठले. तेथे मुलीच्या पायांत बळ येऊ लागले, आणि स्नायूंना पुन्हा शिकवावे लागते, हे बाईंनी पाहून घेतले. एका मुलीवर त्या थांबल्या नाहीत. १९४७ मध्ये डॉ. अ. वि. बाळिगा यांनी देऊ केलेल्या जागेत पोलिओग्रस्त मुलांसाठी त्यांनी केंद्र सुरू केले. हाजीअलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय हा त्याचाच पुढचा विस्तार. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जवळपास याच काळात, १९५० च्या दशकाच्या आरंभी, मुंबईतील पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने के.ई.एम.मध्ये फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले. म्हणजे आईने आधी हात घातला, अभ्यासक्रम मागून आला. ऑस्ट्रेलियात एलिझाबेथ केनी (१८८०-१९५२) हिच्या बाबतीतही असेच घडले होते. परिचारिकेचे रीतसर प्रशिक्षण नसलेल्या या बाईने पोलिओग्रस्त पाय फळ्यांत जखडून ठेवण्याऐवजी गरम ओल्या लोकरीने शेकून हलवायला सुरुवात केली, आणि डॉक्टरांचा रोष वर्षानुवर्षे सोसला.

तथापि, चालते करणे हेच शुश्रूषेचे एकमेव यश मानले की एक क्रूरता आत शिरते, आणि ती प्रेमाच्या वेषात येते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी कमरेखाली लुळेपणा आला. पुढे त्या चालल्या नाहीत. स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेले उद्योजक बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना निराळी दिशा दिली. त्यांनी केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘चाकाची खुर्ची’. साहित्याच्या अभ्यासकांनी या शीर्षकाशी क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. मराठीत स्वावलंबनाला आपण ‘स्वतःच्या पायावर उभे राहणे’ म्हणतो. खुर्चीत बसून स्वतःचे आणि इतर अनेकांचे पोट चालविणाऱ्या बाईपुढे हा वाक्प्रचार अपुरा पडतो. भाषेनेच जिथे पायांना इतका मान दिला, तिथे न चालणाऱ्या मुलीच्या आईला ‘अजून चालत नाही का?’ असे विचारणाऱ्या शेजारणीला तरी काय दोष द्यावा? (तो प्रश्न आमच्याही घरांच्या पडव्यांत विचारला गेला आहे.)

याच संस्थेने पुढे सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यात, ‘स्वप्ननगरी’ हा प्रकल्प उभारला. तेथे अपंग व्यक्ती काजू-प्रक्रियेचे काम करतात. निवड मोठी समर्पक आहे. काजूगर सोलणे आणि निवडणे हे या मुलखात पिढ्यान् पिढ्या बायका बसूनच करीत आल्या आहेत. या कामात हाताचा वेग मोजतात, पाय कोणी पाहत नाही.

भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. आता येथील घरांत नव्याने चालायला शिकतात ते बहुधा वृद्ध: पक्षाघात झालेले, खुब्याचे हाड मोडलेले. मुले मुंबईला असतात. हाताला धरायला शेजारची कोणी काकी येते, आणि सकाळी न्हाणीघरापर्यंतच्या तीन पायऱ्या उतरायला दोघींना पाव तास लागतो.