पडद्यावरची काशी आणि ‘कल्की २८९८ एडी’

प्रलयातही काशीचा नाश होत नाही, कारण शंकर ही नगरी आपल्या त्रिशूळावर तोलून धरतो, अशी जुनी श्रद्धा आहे. शंकर हे क्षेत्र कधीच सोडत नाही, म्हणून त्याला अविमुक्त म्हणतात. स्कंदपुराणातील काशीखंडात या क्षेत्राचे माहात्म्य विस्ताराने येते.

चित्रपटांनी मात्र दीर्घकाळ वास्तवातली काशीच दाखवली. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’त (१९५६) घाट व गल्ल्या कथेचा भाग झाल्या. दीपा मेहता यांच्या ‘वॉटर’चे चित्रीकरण २००० साली विरोधकांच्या मोडतोडीमुळे थांबले आणि पुढे ते श्रीलंकेत पूर्ण झाले. ‘मसान’ने (२०१५) स्मशानघाटावरच्या डोम समाजातील तरुणाची गोष्ट सांगितली.

नाग अश्विन यांच्या ‘कल्की २८९८ एडी’ने हे शहर भविष्यात नेले. हा तेलुगू चित्रपट २७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. महाभारताचा काळ इसवी सनपूर्व ३१०२ धरून त्यानंतर सहा हजार वर्षांनी कथा घडते. जगात काशी हे एकच शहर उरले आहे आणि गंगा आटली आहे. पाणी आणि हिरवळ वर तरंगणाऱ्या ‘कॉम्प्लेक्स’मध्ये मूठभरांच्या ताब्यात आहे. ही काशी मुख्यतः हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतील सेट आणि संगणकीय दृश्यांतून उभी राहिली.

चित्रपटाने जगभरात १,००० कोटी रुपयांहून अधिक गल्ला जमवला, तरी प्रतिसाद संमिश्र होता. भव्य दृश्ये, अमिताभ बच्चन यांचा अश्वत्थामा आणि उत्तरार्ध वाखाणला गेला. रेंगाळलेला पूर्वार्ध, प्रभासच्या व्यक्तिरेखेचे विनोद आणि ‘मॅड मॅक्स’, ‘ड्यून’ यांच्याशी असलेले साम्य अनेकांना खटकले.

दुसरा आक्षेप पुराणांच्या बाजूने आला. महाभारतात कृष्ण अश्वत्थाम्याला तीन हजार वर्षे भटकण्याचा शाप देतो. चित्रपटात तो त्याच्यावर कल्की या भावी अवताराच्या रक्षणाची जबाबदारीही टाकतो. दूरदर्शनच्या ‘महाभारत’ मालिकेत भीष्म साकारणारे मुकेश खन्ना यांनी या बदलाला हरकत घेतली. संभल येथील कल्की धामचे आचार्य प्रमोद कृष्णम यांनी कायदेशीर नोटीस पाठवली. म्हणजे एका प्रेक्षकवर्गाने चित्रपटाला विदेशी विज्ञानपटांच्या मापाने जोखले, तर दुसऱ्याने पोथीच्या. दोन्ही परंपरा एकाच कथेत आणल्यामुळे त्याला दोन्ही कसोट्यांना सामोरे जावे लागले.