व्यूहनीतीचे प्रतिरूप-खेळ आणि जव्हारची वाट

जव्हार तालुक्यात दाभोसा येथे लेंडी नदी सुमारे तीनशे फूट खाली कोसळते. त्या कड्यावर उभे राहिले म्हणजे जव्हार संस्थानच्या इतिहासाचे एक मर्म ध्यानी येते. येथून सुरतेकडे जाऊ पाहणाऱ्या सैन्याला या वाटांच्या धन्याशी सलोखा तरी करावा लागे, नाहीतर त्याला दूर तरी सारावे लागे. व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत व्यूहनीती शिकविण्यासाठी सिम्युलेशन या नावाने जे प्रतिरूप-खेळ योजिले जातात, त्यांचे एक वैगुण्य या वाटेच्या आधारे दाखविण्याचा येथे विचार आहे.

या खेळांचे कूळ लष्करी आहे. प्रशियात थोरल्या राइसविट्झने १८१२ साली राजापुढे युद्धाचा पट मांडला. त्याच्या तोफखान्यातील मुलाने १८२४ मध्ये तो नकाशावर आणला. बुद्धिबळात दोघांनाही सारा पट दिसतो. येथे मात्र ज्याला जेवढे दिसणे शक्य तेवढेच पंच सांगे. अमेरिकेच्या नौदल युद्ध महाविद्यालयातील असे खेळ पाहून अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५७ मध्ये उद्योगाधिकाऱ्यांसाठी आपला खेळ सिद्ध केला. पाच गट म्हणजे पाच कंपन्या, वस्तू एकच. किंमत, उत्पादन, विक्रीखर्च यांविषयी दर तिमाहीस निर्णय घ्यावयाचा आणि आयबीएम ६५० या गणकयंत्राने त्याचे फळ सांगावयाचे. आपल्याकडे अहमदाबादची व्यवस्थापन संस्था १९६१ साली आणि मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली स्थापन झाली. अहमदाबादेस हार्वर्डच्या धर्तीची प्रकरण-पद्धती रूढ झाली. प्रकरणात निर्णय एकदाच घ्यावयाचा असतो. खेळात तो पुढल्या तिमाहीत पदरात पडतो. ही त्याची थोरवी मान्य केलीच पाहिजे.

परंतु पाच कंपन्या खेळतात तेव्हा दुकानदार, पुरवठादार, गिऱ्हाईक हे समीकरणातील आकडे होऊन बसतात. सुरतेच्या स्वारीच्या आपल्या वर्णनांतही हेच घडते. जव्हार तेथे एक मुक्काम असतो, खेळाडू नसतो.

पट फिरवून पाहावा. १६६३ च्या अखेरीस शिवाजी महाराज या मार्गाने उत्तरेस निघाले आणि १६६४ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरतेवर पोचले. जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी शिरपामाळ येथे त्यांचे स्वागत करून शिरपेच अर्पण केला, अशी स्थानिक परंपरा आहे. विक्रमशहांच्या आसनावर बसलेल्या विद्यार्थ्याला काय दिसते? उत्तरेस मोगलांची सुरत, पश्चिमेस वसई आणि दमण धरून बसलेले पोर्तुगीज, आणि दारात आलेले एक नवे, वेगवान सैन्य. हा पाहुणा एकदाच येणार की वारंवार, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. १६७० च्या दुसऱ्या स्वारीनंतर सुरतेची वाट ही स्वराज्याची कायमची गरज ठरली. १६७२ च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले. विक्रमशहा नाशिकच्या बाजूस मोगली मुलखात निघून गेले. पाठोपाठ रामनगरही पडले. महाराजांच्या बाजूने खेळणाऱ्यास या दोन्ही चाली एकाच हेतूच्या वाटतील. जव्हारच्या खेळाडूस मात्र पहिल्या डावातील आपले आतिथ्यच आठ वर्षांनी आपल्यावर उलटले काय, हा प्रश्न सोडविणे भाग आहे. आणि वाट नाकारली असती तर ती १६६४ मध्येच गेली नसती कशावरून, हाही. लहान कारखानदाराचा मुलगा मोठ्या कंपनीचा पुरवठादार म्हणून उद्या याच जागी बसणार आहे; त्याला आजवर खेळविले जाते ते मोठ्या कंपनीच्या आसनावर.

असा खेळ यंत्राच्या हिशेबावर सोपविण्यापेक्षा पंचाच्या हाती ठेवणे मला श्रेयस्कर वाटते. व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या जर्मन सेनाधिकाऱ्याने १८७६ मध्ये कोष्टके बाजूस सारून पंचाच्या विवेकास प्राधान्य दिले होते. येथे पंचापुढे एक अडचण उभी राहील. १६७२ मध्ये डाव थांबविला तर जव्हार हरले. पण मुकणे घराण्याचे राज्य, संकोचलेले का होईना, पुढे टिकले आणि १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. गुण मांडावयाचे ते कोणत्या सालापर्यंत, हे त्याने फासा पडण्यापूर्वीच जाहीर करावे लागेल.