साखळी आणि सात-बारा

गणिताच्या तासाला आम्ही मुलांना शिकवायचो, ४० गुंठ्यांचा एक एकर. एखादा चौकस मुलगा विचारायचाच, ‘गुरुजी, चाळीसच का?’ त्याचे उत्तर एका साखळीत आहे. इंग्रजी अमदानीत आपल्याकडे जमीन मोजायला ३३ फुटांची साखळी वापरत, तिचे भाग १६ आणे. लांबीला एक साखळी आणि रुंदीला एक साखळी, म्हणजे १०८९ चौरस फूट. हाच गुंठा. असे ४० गुंठे झाले की बरोबर ४३,५६० चौरस फुटांचा एकर भरतो.

ही साखळी आठवायचे कारण म्हणजे हल्ली जमिनीच्या संदर्भात दुसऱ्याच एका साखळीचे नाव ऐकू येते. ब्लॉकचेन. २०२४ साली छत्तीसगडमधल्या दंतेवाडा जिल्ह्यात जमिनीच्या सुमारे सात लाख नोंदी या ब्लॉकचेनवर चढवल्या गेल्या. आपल्या गडचिरोलीतल्या एटापल्लीत त्याआधी, २०२२ मध्ये, जातीच्या दाखल्यांसाठी तेच तंत्र वापरले होते. ‘आता उताऱ्यात कोणी फेरबदल करूच शकणार नाही’ असे म्हणतात. ऐकायला छान वाटते. पण मी इतिहास शिकवलेला माणूस, त्यामुळे प्रथम मनात येते ते असे, की उताऱ्यात मुळात लिहिले काय आहे?

आधी ही भानगड काय आहे ते पाहू. जुन्या मंडळींना नवाचा ताळा आठवत असेल. मोठा गुणाकार केला की अंकांची बेरीज करून तो पडताळायचा. चूक असेल तर बहुधा ताळा जमत नाही. मात्र ५४ च्या जागी ४५ लिहिले तर नवाचा ताळा गप्प बसतो. संगणकाचा ताळा फार कडक असतो. भल्या मोठ्या दस्तातला एक काना जरी बदलला तरी सगळा ताळाच वेगळा येतो. प्रत्येक नोंदीबरोबर आधीच्या नोंदीचा ताळाही लिहायचा आणि ही वही अनेक ठिकाणी ठेवायची, हीच ब्लॉकचेन. मधली एखादी नोंद गुपचूप बदलली तर पुढचे सगळे ताळे बिघडतात आणि इतरांच्या वह्यांशी ते जुळत नाहीत. हेबर आणि स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये अशी युक्ती मांडली. २००८ साली बिटकॉइनमुळे ती जगभर पोचली.

गंमत म्हणजे, एकच गोष्ट अनेकांच्या साक्षीने आणि अनेक दप्तरांत ठेवण्याची रीत आपल्याला नवी नाही. वतनाचा तंटा झाला की गोतसभा बसायची, महजर व्हायचा, त्यावर पाटील आपली नांगराची निशाणी करायचा आणि बलुतेदार आपापल्या अवजाराची. गावचे दप्तर कुळकर्ण्याकडे, परगण्याचे देशपांड्याकडे. एकाने खोटे लिहिले तर दुसऱ्याकडे पडताळा सापडण्याची शक्यता असे. पण त्या सभेत कोणाच्या शब्दाला वजन होते आणि कोण वेशीजवळ उभे होते, हेही विसरून चालणार नाही. साक्षीदार पुष्कळ असले म्हणजे नोंद न्याय्य होतेच असे नाही.

इंग्रजांचा पहिला धडा तर आपल्या पुणे जिल्ह्यातलाच. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८३० च्या आसपास जमिनीची मोजणी आणि आकारणी केली. गडी हुशार. विलायतेत माल्थसकडे अर्थशास्त्र शिकलेला, रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत डोक्यात पक्का. हिशेबाची पद्धत अगदी काटेकोर. पण शेताच्या बांधावर जाऊन आकडे लिहिणारे हाताखालचे लोक लाच खात होते आणि मोजमाप चुकीचे होते. वर कितीही सुबक हिशेब केला तरी खालचा आकडाच खोटा! शेतसारा डोईजड झाला आणि इंदापूर भागात शेतकरी जमिनी सोडून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ पासून तिथूनच नव्याने मोजणी सुरू केली. ब्लॉकचेनची स्तुती ऐकताना मला हटकून हा प्रिंगल आठवतो.

पुढे १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि आजच्या सात-बाराचा पाया घातला गेला. गाव नमुना ७ म्हणजे हक्क, १२ म्हणजे पिके, आणि ६ म्हणजे फेरफाराची वही. ही फेरफाराची वही नीट पाहिली तर ती मुळात साखळीच आहे. नोंदींना ओळीने क्रमांक असतात. जुने नाव खोडायचे नसते, त्याला कंस करायचा असतो. नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो, त्याचा माग काढत आजोबा-पणजोबांपर्यंत जाता येते. तलाठ्याने नोंद धरायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची. व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे.

तरीही कायदा या नोंदीला अंतिम सत्य मानत नाही. १९६६ च्या महसूल संहितेतले कलम १५७ सांगते की, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी आहे असे गृहीत धरावे. खरेदीखत नोंदवणारी कचेरीही दस्त नोंदवते, मालकीची हमी देत नाही. हा आपल्या कायद्याचा ढिलेपणा आहे असे बऱ्याच जणांना वाटते. मला मात्र त्यात थोडी माणुसकी दिसते, कारण त्या रकान्यांमधून किती माणसे गळली आहेत!

जुन्या उताऱ्यांवर ‘ए. कु. मॅ.’ अशी अक्षरे दिसतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव थोरल्या भावाचे, जमीन सगळ्यांची. एक-दोन पिढ्या गेल्या की ती तीन अक्षरे कुठेतरी निसटतात आणि थोरल्याची मुले म्हणतात, ‘उतारा आमच्याच नावाचा आहे.’ बहिणींचे तर विचारूच नका. वारस म्हणून नोंद झालीच तर पुष्कळदा ‘इतर हक्क’ या रकान्यात. माझ्या आत्याचे नाव आमच्या उताऱ्यावर कधी आलेच नाही. ती दर दिवाळीला माहेरी यायची, साडीचोळी घेऊन जायची, आणि हिस्सा मागितला तर माहेर तुटेल या भीतीने कधी बोलली नाही. ती जाऊनही आता बरीच वर्षे झाली. तो उतारा संगणकावर आहे, स्वच्छ टंकलेला आहे, त्यात कोणी खाडाखोड केलेली नाही. ब्लॉकचेनवर नेला तर ताळाही बरोबर येईल. फक्त आत्या त्यात नाही.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. त्याच्याही आधी, १९९० च्या सुमारास, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहीम काढली आणि कितीतरी शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करून दिली. इथे वहीतला कागद तोच होता, लिहिणाऱ्याचे मन बदलले होते.

बाहेरच्या देशांचा अनुभवही हेच सांगतो. जॉर्जियाने २०१६ पासून जमिनीच्या दाखल्यांचे ताळे ब्लॉकचेनवर ठेवायला घेतले आणि ते काम पुढे गेले, कारण त्याआधी दहा-बारा वर्षे त्यांनी नोंदणीचे खाते मुळापासून साफ केले होते. होंडुरासमध्ये २०१५ साली मोठा गाजावाजा झाला, तिथे दप्तरातच गोंधळ होता आणि प्रकल्प अडकून पडला. स्वीडननेही प्रयोग केले, पण त्यांचे भूमापन खाते १६२८ पासूनचे. आपल्याकडे मलिक अंबर वारला १६२६ मध्ये. त्याच्या जमाबंदीची कीर्ती उरली. स्वीडनचे खाते मात्र तेव्हापासून अखंड चालू आहे.

मग हे तंत्र नकोच का? असे मी म्हणत नाही. रातोरात नाव बदलणे, एकच प्लॉट दोघांना विकणे, दप्तर ‘जळून जाणे’ यांना त्याने नक्कीच आळा बसेल, आणि त्याचा फायदा गरिबालाच जास्त. माझे म्हणणे क्रमाबद्दल आहे. गावठाणातल्या घरांचेच बघा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा. तो मालकीचा पुरावा नाही, तरी पिढ्यान्पिढ्या लोक तोच जपून ठेवत आले. २०२० च्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून प्रथमच मालमत्ता पत्रके देण्यास सुरुवात झाली. ड्रोनला भिंत दिसते. त्या भिंतीआड विधवा सून राहते आणि तिचा दीर मुंबईहून येऊन सही करतो, हे त्याला दिसत नाही. ते गावाला माहीत असते.

२०१७ मध्ये सात-बारा संगणकावर पक्के करण्याआधी चावडी वाचनाची मोहीम झाली होती. गावात बसून उतारे मोठ्याने वाचायचे, चूक असेल ती तिथेच सांगायची. कुलूप लावण्याआधी असे वाचन पुन्हा व्हायला हवे, आणि या खेपेला लग्न होऊन गेलेल्या लेकींना मुद्दाम निरोप धाडून बोलवायला हवे. दर वर्षी, दर गावात.

तोपर्यंत एक काम आपण घरी बसून करू शकतो. २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा घरबसल्या मिळतो. आपला उतारा काढा. त्यात कोणाकोणाची नावे आहेत ते वाचा. मग शेजारी आपल्या आजोबांची सगळी मुले-मुली एका कागदावर लिहा, आणि दोन्ही याद्या जुळतात का ते पाहा.