काचेचा कडा

काचेचा कडा ही व्यवस्थापनशास्त्र व सामाजिक मानसशास्त्र यांतील एक संकल्पना आहे. संस्था अडचणीत असताना, म्हणजेच अपयशाचा धोका अधिक असताना, नेतृत्वपदी स्त्रीची निवड होण्याची शक्यता वाढते, असे ती मांडते. स्त्रियांच्या बढतीतील अदृश्य अडथळ्यास ‘काचेचे छत’ म्हणतात. त्यावरूनच हे नाव पडले.

उगम

नोव्हेंबर २००३ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकात एक लेख आला. संचालक मंडळावर स्त्रिया अधिक असलेल्या ब्रिटिश कंपन्यांच्या समभागांची कामगिरी खराब असल्याचे दाखवून, स्त्रियांमुळे कंपन्यांचे नुकसान होते, असा सूर त्यात होता. एक्सेटर विद्यापीठातील मिशेल रायन व अलेक्झांडर हॅसलम यांनी एफटीएसई १०० निर्देशांकातील कंपन्यांचे समभाग नेमणुकीच्या आधी व नंतर कसे होते, हे महिनावार तपासले. बाजार एकंदर घसरत असताना ज्या कंपन्यांनी स्त्रियांना मंडळावर घेतले, त्यांची कामगिरी नेमणुकीपूर्वीच्या पाच महिन्यांतच सातत्याने खराब होती. घसरण आधीची आणि नेमणूक नंतरची होती. वृत्तपत्रीय लेखाने कार्यकारणाचा क्रम उलटा लावला होता. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

कारणमीमांसा

यशस्वी व्यवस्थापकाची प्रतिमा पुरुषाच्या प्रतिमेशी जुळते, असे व्हर्जिनिया शाइन यांनी १९७३ मध्ये दाखवले होते. संकटकाळी मात्र ही जुळणी सैल होते. रायन व सहकाऱ्यांच्या २०११ मधील प्रयोगांत, व्यवस्थापकाने माणसे सांभाळावीत, पडद्याआड राहावे किंवा अपयशाचे खापर स्वतःवर घ्यावे, अशी अपेक्षा असताना स्त्रीसुलभ मानले जाणारे गुण अधिक योग्य ठरवले गेले. कंपनीची कामगिरी सुधारण्याची अपेक्षा असताना तसे घडले नाही. ही बाब बोलकी आहे.

नेतृत्वाची परिणामकारकता

२०१४ मध्ये ९५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात स्त्री व पुरुष नेत्यांच्या परिणामकारकतेत एकूण फरक आढळला नाही. स्वतःचे मूल्यमापन करताना पुरुषांनी स्वतःला वरचे गुण दिले. इतरांनी केलेल्या मूल्यमापनात स्त्रिया सरस ठरल्या.

टीका

अमेरिकी कंपन्यांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांविषयीच्या २००९ मधील अभ्यासात असा कल आढळला नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या २०१० मधील फेरतपासणीत स्त्रियांची उपस्थिती आणि लेखापुस्तकांतील नफा यांचा संबंध दिसला नाही. समभागांच्या बाजारमूल्याशी मात्र तो दिसला. ब्रेक्झिट सार्वमतानंतर २०१६ मध्ये पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते, परंतु एकट्यादुकट्या उदाहरणावरून संकल्पना सिद्ध होत नाही.